परवान्यातील नीतिवाक्य : मुक्तस्रोत परवान्यांच्या भाषेची एक चिकित्सा

संगणकाच्या आज्ञावलीबरोबर जो परवाना दिला जातो, त्याकडे भाषेच्या दृष्टीने पाहण्याची प्रथा आपल्याकडे पडलेली नाही. वकील तो वाचतात. आज्ञावलीकार बहुधा न वाचताच स्वीकारतात. आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला तो आपल्या कक्षेबाहेरचा वाटतो. वस्तुतः अनुज्ञा, विधी, निषेध आणि अट हे वाक्यप्रकार इतक्या निखळ स्वरूपात एकत्र आलेले अन्यत्र क्वचितच आढळतील. मुक्तस्रोत परवान्याचा सामान्य आशय थोडक्यात सांगता येतो : ही आज्ञावली घ्या, चालवा, तिच्या प्रती काढा, तीत फेरफार करा, ती दुसऱ्यांस द्या, मूळ कर्त्याचे नाव मात्र राखा आणि नुकसान झाल्यास त्याला जबाबदार धरू नका. गेल्या दोन दशकांत काही कर्त्यांनी या आशयात एक नवे कलम घातले. आज्ञावली कोणत्या कामी वापरू नये, हे त्यांना सांगावयाचे होते. अशा परवान्यांना ‘नैतिक परवाने’ असे नाव पडले आहे.

या परवान्यांविषयीचा वाद आजवर बहुधा स्वातंत्र्य विरुद्ध सदाचार या स्वरूपात झाला. दोन्ही पक्षांकडे सद्‌भावनेची वाण नाही, पण दोघांनीही एक आधीचा प्रश्न वगळला आहे. कर्त्याला जे घडवून आणावयाचे आहे, ते त्याने लिहिलेल्या वाक्याच्याने घडण्यासारखे आहे काय, हा तो प्रश्न होय.

याचे सर्वांत लहान आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘जेसन’ या माहिती-स्वरूपाच्या परवान्यात सापडते. डग्लस क्रॉकफर्ड यांनी एमआयटी परवान्याची संहिता जवळजवळ जशीच्या तशी घेतली आणि तीत एकच वाक्य वाढविले. २००२ सालच्या त्या परवान्यातील या वाक्याचा आशय असा की, हे सॉफ्टवेअर सत्कार्यासाठी वापरले जावे, दुष्कृत्यासाठी नव्हे. ‘सत्’ आणि ‘दुष्ट’ या अर्थाचे दोन्ही इंग्रजी शब्द तेथे मोठ्या आद्याक्षरांनी लिहिलेले आहेत. म्हणजे विशेषनामे असावीत तसे. ज्या शब्दाची व्याख्या परवान्यात अन्यत्र केलेली असते, तो शब्द मोठ्या आद्याक्षराने लिहावा, असा इंग्रजी कायद्याच्या लेखनाचा संकेत आहे. येथे व्याख्या नाही, संकेत मात्र पाळलेला आहे. वाचक व्याख्या शोधीत पुढे जातो आणि त्याला जबाबदारी नाकारणारा नेहमीचा परिच्छेद भेटतो.

या वाक्याचे मराठीकरण करू गेल्यास पहिली अडचण क्रियापदाची येते. मुळातील ‘शॅल’ हे सहायक क्रियापद भविष्य आणि आज्ञा या दोहोंच्या सीमेवर उभे आहे. मराठीत ‘वापरले जाईल’ म्हटले तर ते भाकित किंवा आश्वासन होते. ‘वापरले पाहिजे’ म्हटले तर निकड येते. ‘वापरले जावे’ म्हटले तर विध्यर्थ येतो. पण मराठी विध्यर्थ हे मोठे लवचीक आख्यात आहे. ‘मुलांनी खरे बोलावे’ यात कर्तव्य आहे, ‘यंदा तरी पाऊस वेळेवर यावा’ यात इच्छा आहे, तर ‘तो एव्हाना पोचला असावा’ यात केवळ तर्क आहे. क्रॉकफर्ड यांच्या वाक्याचा सूर यांपैकी दुसऱ्याच्या, म्हणजे इच्छेच्या, फार जवळ जातो. त्याचे स्थान मात्र पहिल्याचे आहे. ‘पुढील अटींना अधीन राहून’ या शब्दांनंतर जी वाक्ये येतात, त्यांत ते बसविलेले आहे. इच्छेला अटीच्या आसनावर बसविल्याने जो गोंधळ होतो, त्याचाच पुढील सारा इतिहास आहे.

हे स्थान गौण नव्हे. अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ साली जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात जो निर्णय दिला, तो अशाच एका स्थानविचारावर उभा आहे. खटला खेळातल्या आगगाड्या चालविणाऱ्या आज्ञावलीविषयीचा होता. तिच्या परवान्यात श्रेय देण्यासंबंधीची वाक्ये होती, आणि ती परवान्याच्या अटी आहेत की केवळ करारातील वचने, असा प्रश्न पडला. वचनभंग झाला तर करारभंगाची भरपाई मागता येते. अटीचा भंग झाला तर परवानाच उरत नाही आणि वापरणारा कृतिस्वाम्याचा अपराधी ठरतो. न्यायालयाने ‘अशा अटीवर की’ या अर्थाच्या शब्दयोजनेला निर्णायक महत्त्व दिले. एका उभयान्वयी प्रयोगावर सबंध परवान्याचे बळ अवलंबून राहिले, ही गोष्ट वाक्यविचाराच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विधिवाक्याची चिकित्सा आपल्या परंपरेत मीमांसकांनी जितकी कसून केली तितकी क्वचितच कोणी केली असेल. त्यांच्या मते विधीचा प्रत्यय केवळ प्रेरणा देऊन थांबत नाही. तो तीन आकांक्षा उत्पन्न करतो : काय साधावयाचे, कशाने साधावयाचे, आणि कोणत्या रीतीने साधावयाचे. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता ही ती तीन अंगे होत. क्रॉकफर्ड यांच्या वाक्यात साधन आहे, ते म्हणजे सॉफ्टवेअर. साध्य नावापुरते आहे. इतिकर्तव्यतेचा मागमूस नाही. ‘स्वर्ग’ हा शब्द ज्यांच्या वाक्यात येत असे त्या मीमांसकांनासुद्धा स्वर्ग म्हणजे काय याची चर्चा करावी लागली होती. येथे ‘सत्’ हा शब्द वाचकाच्या पदरात टाकून कर्ता मोकळा झाला आहे.

पण खरी मेख त्याही पुढे आहे. हे वाक्य विधी म्हणून घ्यावयाचे की परिसंख्या म्हणून? विधी म्हणावा, तर प्रत्येकाने ही आज्ञावली घेऊन सत्कार्य केलेच पाहिजे असा अर्थ होईल, आणि तो कोणालाच अभिप्रेत नाही. तेव्हा ही परिसंख्या होय : वापरावयाचीच असेल तर सत्कार्यासाठीच, अन्य कामी नाही. पाच नखांच्या पाचच प्राण्यांचे भक्षण सांगणारे वाक्य वरवर अनुज्ञेसारखे दिसते आणि वास्तविक इतरांचा निषेध करते, तसाच हा प्रकार आहे. आता असे पाहा की परिसंख्येच्या न्यायाने जे जे ‘सत्’ नाही ते ते सर्व वर्ज्य ठरते. उलट वाक्याचा उत्तरार्ध केवळ ‘दुष्ट’ तेवढेच वर्ज्य करतो. एकाच वाक्याच्या दोन अंगांनी दोन निराळ्या सीमा आखल्या. दोन्ही सीमांच्या मध्ये जो विस्तीर्ण प्रदेश राहतो, तेथे गाड्यांची वेळापत्रके, दुकानांच्या पावत्या, हवामानाचे आकडे, क्रिकेटची धावसंख्या असे सारे व्यवहार आहेत. ते सत्‌ही नाहीत आणि दुष्टही नाहीत, आणि जेसनचा बहुतेक सर्व उपयोग तेथेच होतो. परिसंख्येला जे तीन दोष सांगितले आहेत, त्यांपैकी प्राप्तबाध हा येथे विशेष बोचतो; कारण एमआयटी संहितेने आधीच्याच परिच्छेदात ‘निर्बंधाविना’ म्हणून जे दिले, ते या वाक्याने परत घेतले.

क्रॉकफर्ड यांनी एका व्याख्यानात या वाक्याची जी कथा सांगितली ती विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. आयबीएम कंपनीकडून त्यांच्याकडे विचारणा आली : आपली आज्ञावली वापरून कोणी दुष्कृत्य करणार नाही याची हमी आम्ही देऊ शकत नाही, तरी सूट मिळावी. त्यांनी त्या कंपनीला, तिच्या ग्राहकांना, भागीदारांना आणि अनुचरांना दुष्कृत्याची लेखी परवानगी दिली. श्रोते हसले. परंतु या कथेत हसू येण्याजोगे असेल ते कंपनीच्या वकिलांचे वागणे नव्हे. त्यांनी वाक्य वाचले आणि त्याचा अर्थ खरा मानला. परवाना वाचणाऱ्याने दुसरे काय करावयाचे असते? ज्याला वाक्य गंभीरपणे घेतल्यावर विनोद सुचतो, त्याने ते वाक्य गंभीर स्थळी लिहावयाचे नव्हते. डेबियन प्रकल्पाने या परवान्याला अमुक्त ठरविले, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही तेच मत दिले, आणि अपाची फाउंडेशनने २०१६ साली आपल्या प्रकल्पांतून त्याचा वापर बंद केला. २०२२ साली जेसनच्या जावा भाषेतील मूळ आज्ञावलीवरून तो परवाना उतरला आणि ती सार्वजनिक मालकीची म्हणून जाहीर झाली. वीस वर्षे त्या वाक्याने कोणते दुष्कृत्य अडविले, याचा दाखला मिळत नाही. त्याने अडविले ते बहुधा काटेकोरपणे वागणारांस.

भारतीय कायद्यातही अशा वाक्याची गत फारशी निराळी होण्याचे कारण नाही. १८७२ च्या करार अधिनियमाचे एकोणतिसावे कलम असे की, ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करता येण्याजोगाही नाही, तो करार शून्य होय. कलमाखालील उदाहरण तेलाचे आहे. शंभर टन तेल विकण्याचा करार संदिग्ध, कारण तेल कोणते ते कळत नाही; पण विकणारा केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर तोच शब्द निश्चित होतो. ‘सत्’ या शब्दाला असा व्यापार कोठून आणावयाचा? गंमत अशी की, १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात, संगणकविषयक दुरुस्तीनंतर, आज्ञावलीची प्रत ज्या प्रयोजनासाठी पुरविली गेली त्या प्रयोजनाकरिता वापरता यावी म्हणून प्रती काढण्याची मुभा कायदेशीर धारकाला दिलेली आहे. ‘ज्या प्रयोजनासाठी पुरविली गेली’ या शब्दांचा आधार घेऊन कर्त्याला आपले प्रयोजन परवान्यात नोंदविता येईल, असा पक्ष मांडणे अशक्य नाही. मात्र त्यासाठी प्रयोजन सांगावे लागेल, विशेषण नव्हे.

नैतिक परवान्यांचे विरोधक ज्या संहितेचा हवाला देतात, तीही तपासून पाहिली पाहिजे. मुक्तस्रोताची व्याख्या १९९८ साली ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने स्वीकारली. तिचा आधार डेबियनची १९९७ सालची मार्गदर्शक तत्त्वे होती. तिच्या दहा कसोट्यांपैकी पाचवी व्यक्तींमध्ये वा समूहांमध्ये भेद करू नये असे सांगते, सहावी कार्यक्षेत्रांमध्ये. रिचर्ड स्टॉलमन यांच्या चार स्वातंत्र्यांपैकी ज्याला शून्य क्रमांक आहे, ते तर आज्ञावली कोणत्याही हेतूने चालविण्याचे स्वातंत्र्य होय. या तत्त्वांना तटस्थ म्हणण्याचा परिपाठ आहे. तो चुकीचा आहे. ‘कोणत्याही हेतूने’ हे शब्द हेतूविषयी मौन बाळगीत नाहीत. हेतूचा विचार येथे करावयाचा नाही, असा निर्णय ते देतात, आणि तो निर्णय नीतीच्याच क्षेत्रातला आहे. शिवाय जीपीएल परवाना स्वतः एक मोठे नैतिक ओझे घेणाऱ्यावर टाकतो : मिळालेले स्वातंत्र्य पुढच्यासही दे. भेद इतकाच की, तो आज्ञावली वाटण्याला अट घालतो, चालविण्याला नाही. वाटणे ही उघड्यावर घडणारी, साक्षीपुरावा ठेवणारी क्रिया आहे. चालविणे बंद दाराआड घडते. हा भेद भाषेचा नसून व्यवहाराचा आहे, आणि जीपीएलच्या यशाचा मोठा वाटा त्यात आहे.

पाचव्या कसोटीमागची हकीकत ब्रूस पेरेन्स यांनी नोंदविली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका इलेक्ट्रॉनिक आराखड्याच्या आज्ञावलीच्या परवान्यात दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांना ती वापरण्यास मनाई होती. वर्णभेदाच्या राजवटीत हे कलम लिहिणारांचा हेतू कोणासही वंदनीयच वाटेल. १९९४ साली तेथे सर्व प्रौढांच्या मतदानाने सरकार आले, पोलीसदलाचे स्वरूप बदलले. कलम तसेच राहिले. येथे दोष विशेषणाचा नाही. ‘दक्षिण आफ्रिकेचे पोलीस’ हा शब्दप्रयोग ‘दुष्ट’ या शब्दाहून कितीतरी निश्चित होता. पण नाम ज्या वस्तूकडे बोट दाखविते ती वस्तू काळाबरोबर पालटते, आणि परवाना एकदा प्रतींबरोबर पसरला की त्याला मागे बोलावता येत नाही. २०१८ साली ‘लर्ना’ या आज्ञावलीच्या परवान्यात अमेरिकेच्या स्थलांतर-खात्याला साहाय्य करणाऱ्या कंपन्यांची नामावलीच घालण्यात आली होती. ती एकदोन दिवसांतच काढून टाकावी लागली. संदिग्ध शब्दाला अर्थ नाही आणि नेमक्या नामाला आयुष्य नाही, अशा पेचात हा लेखनप्रकार सापडला आहे.

या पेचातून वाट काढण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न कोरालाइन एडा एम्की यांचा. २०१९ सालच्या त्यांच्या परवान्याला त्यांनी हिपोक्रॅटिसचे नाव दिले. नावाची निवड मार्मिक वाटते, पण ती तपासली की एक विसंगती दिसते. हिपोक्रॅटिसची शपथ वैद्य घेतो. बोलणारा स्वतःला बांधून घेतो. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात वचन देणारी उक्ती निराळी आणि अधिकार गाजविणारी उक्ती निराळी. एम्की यांच्या परवान्यात बोलणारा ऐकणाऱ्याला बांधतो. म्हणजे वैद्याऐवजी रोगी शपथ घेतो. शपथेचे जे नैतिक तेज आहे ते स्वतःला बांधण्यात आहे, आणि दिशा उलटली की नाव तेवढे उरते. हा केवळ नावाचा कीस नव्हे. ज्या आज्ञावलीकारांना आपल्या श्रमाचा उपयोग स्थलांतरितांच्या कोंडवाड्यांसाठी होतो हे पाहून क्लेश झाले, त्यांची वेदना खरी होती. त्यांच्यापाशी खऱ्या शपथेचा मार्गही होता : अमुक कामी मी हात लावणार नाही. तो मार्ग आज्ञावली एकदा दिल्यावर बंद होतो, म्हणून परवान्याचा आश्रय घ्यावा लागला.

एम्की यांनी हानीचे माप म्हणून १९४८ चा मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा घेतला. ही सुधारणा मोठी आहे. ‘सत्’ या निराधार शब्दाच्या जागी तीस कलमांची, अनेक राष्ट्रांनी शब्दन् शब्द घासून काढलेली संहिता आली. तो शब्दविचार किती बारकाईने झाला याची साक्ष पहिल्या कलमातच आहे : ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकेल अशा शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ हे शब्द येण्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिले जाते. परंतु तो जाहीरनामा मुख्यतः राज्यांना उद्देशून आहे. सरकारने काय करू नये आणि काय मिळवून द्यावे हे तो सांगतो. एखाद्या ग्रंथालयाने अथवा कारखान्याने आज्ञावली कशी चालवावी याचा निवाडा करण्यासाठी तो रचलेला नाही. त्याचीच कलमे एकमेकांस ताण देतात : बाराव्यातील खाजगीपण आणि एकोणिसाव्यातील अभिव्यक्ती यांचा तोल प्रत्येक देशातील न्यायालये आजही शोधीत आहेत. मुक्तस्रोत संस्थेने २०१९ सालीच हा परवाना आपल्या व्याख्येत बसत नाही असे जाहीर केले, ते व्याख्येच्या दृष्टीने बरोबरच होते. त्यानंतर २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत परवाना निरनिराळ्या घटकांनी जुळविण्याची सोय झाली. ज्याला लष्करी कारवाया वर्ज्य करावयाच्या त्याने तो घटक घ्यावा, ज्याला सामूहिक पाळत वर्ज्य करावयाची त्याने तो. प्रत्येक घटक अधिक नेमका झाला हे खरे. पण एकाच नावाखाली कित्येक परवाने झाले, आणि ते नाव ऐकून वाचकाला आशय कळेनासा झाला.

याच सुमारास चीनमध्ये जे घडले त्याकडे पाश्चात्त्य चर्चेने दिले त्याहून अधिक लक्ष द्यावयास हवे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बहात्तर तास काम, या प्रघाताला तेथील आज्ञावलीकार ‘९९६’ म्हणत. मार्च २०१९ मध्ये त्यांनी या प्रघाताविरुद्ध जी चळवळ उभारली, तिच्या नावातच ९९६ काम केले की अतिदक्षता विभाग गाठावा लागतो, हा कडवट श्लेष होता. त्यांनी परवानाही केला. त्यात सदाचार हा शब्द नाही, हानीची व्याख्या नाही. आज्ञावली घेणाऱ्याने तो जेथे असेल तेथील श्रमविषयक कायदे काटेकोर पाळावेत. असे कायदे नसतील किंवा अंमलात आणता येत नसतील तर आंतरराष्ट्रीय श्रममानके पाळावीत. आणि नोकराकडून हे हक्क सोडून दिल्याचे लिहून घेऊ नये, इतकाच त्याचा आशय. मीमांसेच्या भाषेत, साध्य आणि इतिकर्तव्यता दोन्ही अन्य शास्त्राकडून आणलेल्या आहेत. करार अधिनियमाच्या भाषेत, अर्थ निश्चित नसला तरी निश्चित करता येण्याजोगा आहे. कायदा बदलला की परवान्याचा अर्थ आपोआप त्याबरोबर सरकतो, म्हणून बर्कलीच्या कलमाची जी गत झाली ती याची होणार नाही. तिसरे वाक्य तर विशेष दाद देण्यासारखे आहे. लिहिणाऱ्याने पळवाट आधीच पाहून ठेवली होती. हा परवानाही मुक्तस्रोताच्या व्याख्येत बसत नाही आणि त्याच्या जोरावर कोणा कंपनीचे कामाचे तास कमी झाले असे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ९९६ पद्धत बेकायदा असल्याचे स्पष्ट केले, ते परवान्यामुळे नव्हे. तथापि जे न्यायालयाने दोन वर्षांनी म्हटले, तेच परवान्याने गृहीत धरले होते, आणि वाक्यरचना म्हणून आतापर्यंतच्या नैतिक परवान्यांत तोच सरस होय.

मराठीच्या अभ्यासकाला या विषयाशी थेट जोडणारा दुवा २०२२ सालचा आहे. बिगसायन्स या आंतरराष्ट्रीय सहयोगाने ‘ब्लूम’ नावाचे भाषा-प्रतिमान प्रसिद्ध केले. त्याला शेहेचाळीस मानवी भाषांतील मजकूर पुरविलेला होता आणि त्यांत मराठीही, अल्प प्रमाणात का होईना, होती. प्रतिमानाबरोबर जो परवाना आला त्याला ‘जबाबदार’ हे विशेषण लावलेले असून त्याच्या परिशिष्टात वर्ज्य उपयोगांची यादी आहे. हे निर्बंध पुढे घेणाऱ्या प्रत्येकावरही लादले पाहिजेत असे बंधन आहे. म्हणजे जीपीएलची संसर्गाची युक्ती येथे निषेधासाठी वापरली. यादीत अल्पवयीनांचे शोषण आहे, दुसऱ्यास अपाय करण्याच्या हेतूने खोटी माहिती पसरविणे आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला वैद्यकीय सल्ला देणे हेही आहे. पहिल्या दोहोंत दोष हेतूत आहे. तिसऱ्यात हेतू उत्तम असून धोका साधनाच्या अपुरेपणात आहे. पापाचा निषेध आणि अपात्रतेचा निषेध हे दोन निराळे वाक्यार्थ एकाच क्रियापदाखाली बसविल्याने यादी वाचणाऱ्याला दोहोंची जात एकच वाटते.

या एकीकरणाचा भार कोणावर पडतो हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी जाणणाऱ्याला आरोग्याविषयी विचारपूस करण्याची अन्य साधने पुष्कळ आहेत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आरोग्यसेविकेसाठी गोळ्यांच्या वेष्टनावरील सूचना सोप्या मराठीत करून देणारी सोय कोणी या प्रतिमानावर उभारू गेला, तर ती भाषांतर की वैद्यकीय सल्ला, हे त्याने परवान्यातील एका इंग्रजी वाक्यावरून ठरवावयाचे आहे. त्या वाक्याची मराठी प्रत परवान्यासोबत नाही. परवाना रचणारांनी मराठीचा मजकूर घेताना मराठी वाचकाची अनुज्ञा मागितली नव्हती; निषेध मात्र त्याला न कळणाऱ्या भाषेत सांगितला आहे.

यावर असे म्हणता येईल की, निषेध नसता तर चुकीच्या मात्रेचा सल्ला त्याच आरोग्यसेविकेच्या हाती पडला असता, आणि मराठीचा मजकूर अल्प असल्याने चुकीचा संभवही अधिक. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यातून निघते ते एवढेच की, मराठीपुरते हे प्रतिमान अपुरे आहे, असे स्वच्छ विधान परवान्याशेजारी हवे होते. कोणत्या भाषेत किती मजकूर होता आणि कोणत्या कामी त्याची परीक्षा झाली नाही, हे सांगणारे. ते वाक्य विधानार्थी असते. त्याला ‘शॅल’ची गरज पडली नसती, आणि त्याचे मराठीकरण करताना कोणते आख्यात घ्यावे हा प्रश्नही उद्‌भवला नसता.